बॅकअप कोणाच्या नावावर?

(भाची सांगलीत वडिलांची औषधांची होलसेल एजन्सी सांभाळते. आत्याची सगळी नोकरी पुण्यात कंपन्यांचे डेटाबेस आणि सर्व्हर सांभाळण्यात गेली.)

भाची: आत्या, एक कोटेशन दाखवायचंय तुला. सॉफ्टवेअरवाला म्हणतोय, नवा सर्व्हर घ्या, दोन डिस्कचा. एक गेली तरी दुसरीवर काम चालू राहतं. बाबा म्हणाले, आत्याला विचारल्याशिवाय चेक फाडायचा नाही.

आत्या: दादाला अजून माझा भरवसा वाटतो म्हणायचा. बरं, आधी हे सांग, आत्ता बॅकअपचं काय करता?

भाची: तो चालूच आहे की. रोज रात्री दहाला आपोआप होतो.

आत्या: चालू आहे हे कोणी सांगितलं?

भाची: सॉफ्टवेअरवाल्यानेच. बसवून दिला तेव्हा म्हणाला, आता काही बघायला नको.

आत्या: केव्हाची गोष्ट?

भाची: करोनाच्या आधीची असेल.

आत्या: आणि त्या बॅकअपमधून डेटा परत काढून बघितलाय कधी?

भाची: तशी वेळच आली नाही गं, देवाच्या दयेने.

आत्या: लांबच्या फेरीला निघताना ट्रकवाला स्टेपनीवर हात मारून बघतो, हवा आहे का. तुम्ही इतकी वर्षं नुसती स्टेपनी आहे म्हणून निर्धास्त आहात. ते कोटेशन ठेव बाजूला. तुला गिटलॅबचं काय झालं ते सांगते, मग आपण चेकचं बोलू.

भाची: गिटलॅब म्हणजे ते प्रोग्रामर लोक कोड ठेवतात ते?

आत्या: तेच. ३१ जानेवारी २०१७ची रात्र. बातम्यांत एवढंच आलं की एका इंजिनिअरने चुकून डेटाबेस पुसला. गिटलॅबने मात्र नंतर सगळा तपशील स्वतःच लोकांसमोर ठेवला. तो वाचलास तर कळेल की पुसणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग होता.

भाची: डेटाबेस पुसणं छोटा भाग?

आत्या: ऐक तर. त्यांच्याकडे दोन डेटाबेस सर्व्हर होते. डीबी-१ मुख्य, डीबी-२ दुय्यम. मुख्यावर जो बदल होईल तो लगेच दुय्यमावर उमटायचा. त्या संध्याकाळी डेटाबेसवर एकदम ताण आला. थोडा स्पॅम टाकणाऱ्यांमुळे. शिवाय कोणा टवाळखोराने गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध तक्रार केली होती, त्यामुळे ते खातं सगळ्या डेटासकट काढून टाकण्याचं काम मागे सुरू झालं होतं. या रेट्यात दुय्यम सर्व्हर मागे पडला. इतका मागे, की त्याला मुख्याला गाठायला लागणाऱ्या बदलांच्या नोंदी मुख्य सर्व्हरने तोवर टाकूनही दिल्या होत्या.

भाची: मग?

आत्या: मग एकच उपाय. दुय्यमावरचा डेटा पुसायचा आणि मुख्यावरून नवी कोरी प्रत उतरवायची. पद्धत बरोबरच होती. इंजिनिअरने दुय्यमावरचा डेटा पुसला, प्रत उतरवायचा प्रोग्रॅम चालवला. तो म्हणाला, मुख्य सर्व्हरवरची अमुक मर्यादा वाढवा. वाढवली, तर पोस्टग्रेस, म्हणजे त्यांचा डेटाबेसचा प्रोग्रॅम, सुरूच होईना. कनेक्शनची मर्यादा ८००० ठेवलेली होती, ती २००० वर आणल्यावर सुरू झालं. पुन्हा प्रोग्रॅम चालवला, तर तो ढिम्म. एरर नाही, टक्केवारी नाही, काही नाही. त्या माणसाची झोपायची वेळ होऊन गेली होती. आता उठतो, असं तो आधी म्हणालाही होता, पण हे निस्तरायला थांबला.

भाची: मग तो प्रोग्रॅम अडकला कशात?

आत्या: अडकलाच नव्हता! मुख्य सर्व्हर डेटा पाठवायला लागेपर्यंत तो गुपचूप वाट बघतो, हीच त्याची नेहमीची रीत. पण हे ना त्यांच्या कामाच्या वहीत लिहिलेलं होतं, ना पोस्टग्रेसच्या माहितीपत्रकात नीट. त्याला वाटलं, डेटाचं फोल्डर अजून तिथे आहे म्हणून प्रोग्रॅम कुरकुर करतोय. म्हणून आरएम मायनस आरएफ. लिनक्सवरची ही आज्ञा काही विचारत नाही, सांगितलेलं फोल्डर मुळापासून पुसते. आणि ती दिली गेली डीबी-१ वर.

भाची: अरे देवा.

आत्या: पडद्यावर दोन काळ्या खिडक्या डोळ्यांसमोर आण. एकीत डीबी-१ आणि पुढे लांबलचक नाव, दुसरीत डीबी-२ आणि पुढे तेच लांबलचक नाव. फरक एका आकड्याचा. एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं, त्याने लगेच थांबवलं. तोवर ३१० जीबीपैकी साडेचार जीबी उरलं होतं.

भाची: दोन सेकंदांत एवढं?

आत्या: पुसताना डिस्कवरचा मजकूर खरवडायचा नसतो, फाइलची नोंद काढली की संपलं. म्हणून तर भरायला वर्षं लागतात आणि पुसायला काहीच लागत नाही. बरं, आता माझ्या मुद्द्यावर ये. इथपर्यंत जे झालं ते कुठल्याही रात्री, कुठल्याही माणसाच्या हातून होईल. दमलेल्या माणसाच्या हातून तर होणारच. बॅकअप लावायचा आणि उद्या सकाळी चहा घेताना हसायचं, एवढ्यावर भागायला हवं होतं.

भाची: आणि बॅकअप नव्हता?

आत्या: एक नाही, पाच व्यवस्था होत्या, दुय्यम सर्व्हर धरून. तो तर आधीच रिकामा केलेला. रोजचा बॅकअप ॲमेझॉनच्या स्टोअरेजवर जायचा. उघडून बघतात तर खण रिकामा. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ होता आणि बॅकअप घेणारा प्रोग्रॅम चालत होता ९.२चा. बॅकअपचं काम ज्या मशीनवर लावलेलं होतं तिथे डेटाबेसचं फोल्डरच नव्हतं. त्यामुळे आवृत्ती कुठली हे त्याला कळेना आणि तो आपला जुनी धरून चालायचा. आवृत्ती जुळली नाही की तो एरर देऊन बाहेर.

भाची: रोज एरर येत होती आणि कोणाला पत्ता नाही?

आत्या: एररची मेलही जात होती. पण पाठवणारा खरा आहे की तोतया, हे तपासायची जी पद्धत असते ती या मेलसाठी नीट लावलेली नव्हती, म्हणून समोरचा मेल सर्व्हर त्या परत लोटत होता. एकही मेल कोणापर्यंत पोचली नाही. मेल येत नाही म्हणजे सगळं ठीक, असं सगळे समजत होते.

भाची: आमच्याकडेही तसंच. तक्रार नाही म्हणजे चालू आहे.

आत्या: पुढचं बघ. ते मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअरवर होते. तिथे डिस्कचं आख्खं चित्र टिपून ठेवायची सोय असते. ती फाइल सर्व्हरना लावली होती, डेटाबेस सर्व्हरना नाही. का? तर डेटाबेसचे बाकीचे बॅकअप आहेत ना, म्हणून. प्रत्येक व्यवस्था दुसरीच्या भरवशावर सुस्त.

भाची: मग परत आणलं कसं?

आत्या: नशिबाने. चाचणीच्या सर्व्हरवर दर २४ तासांनी खऱ्या डेटाची प्रत आपोआप जायची. त्या दिवशी एकाला दुसऱ्याच एका प्रयोगासाठी ताजा डेटा हवा होता, म्हणून त्याने सहाएक तास आधी हाताने प्रत काढली होती. ती नसती तर दिवसभराचं गेलं असतं. पण चाचणीचा सर्व्हर स्वस्तातल्या, हळू डिस्कवर. तिथून डेटा उचलून आणायला जवळजवळ १८ तास लागले. तेवढा वेळ साइट बंद, आणि हे लोक दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवत बसलेले. मधल्या सहाएक तासांतलं गेलं ते गेलंच. सुमारे ५००० प्रोजेक्ट, ५००० शेरे, ७०० नवी खाती. लोकांचा कोड वेगळ्या जागी असल्यामुळे तेवढा वाचला.

भाची: त्या माणसाचं काय झालं?

आत्या: त्यांच्या अंतिम अहवालात त्याचं नावही नाही. अहवाल लिहिताना त्यांनी ‘का?’ हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. बॅकअप वेळोवेळी का तपासला नाही, इथपर्यंत आल्यावर उत्तर मिळालं, की ते काम कोणाच्याच नावावर नव्हतं. मी तो अहवाल नवीन पोरांना वाचायला लावायची. सगळे आरएम मायनस आरएफवर बोट ठेवायचे. त्या नाव नसलेल्या कामावर बोट ठेवणारं पोर क्वचित निघायचं, आणि ते पुढे चांगलं तयार व्हायचं.

भाची: पण मेल पोचल्या असत्या तर वाचले असते ना?

आत्या: पोचूनही उपयोग होईलच असं नाही. नाइट कॅपिटल नावाची अमेरिकन शेअर दलाल कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ला आठांपैकी एका सर्व्हरवर नवा प्रोग्रॅम चढवायचा राहिला. बाजार उघडण्याआधी त्यांच्या सिस्टिमने ९७ मेल पाठवल्या. कोणी मनावर घेतल्या नाहीत, कारण त्या धोक्याचा इशारा म्हणून बनवलेल्याच नव्हत्या आणि सहसा त्या कोणी बघतही नसे. त्या एका सर्व्हरवरचा जुना कोड जागा झाला आणि ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरचा फटका. शिवाय घाईत त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा नवा, चांगला प्रोग्रॅम काढून टाकला. म्हणजे एकाचे आठ बिघडवले. पुढच्या वर्षी कंपनी दुसरीत विलीन झाली.

भाची: तू नुसतं घाबरवते आहेस.

आत्या: घाबरवत नाही गं, तुझं कोटेशन तपासतेय. दोन डिस्कचा सर्व्हर म्हणजे एकीवर लिहिलं की दुसरीवर तेच आपोआप. बरोबर?

भाची: हो. रेड म्हणाला तो.

आत्या: मग तुमच्या काउंटरवरच्या पोराने चुकून पार्टीचं खातं उडवलं तर?

भाची: ... दुसरीवरूनही उडेल.

आत्या: त्याच क्षणी. डिस्क मरते तेव्हा रेड उपयोगी, आणि डिस्क मरतातच, म्हणून घेतलंस तर पैसे वाया नाही जाणार. पण त्याला बॅकअप म्हणू नको. मर्स्कचं ऐकलंयस? जहाजवाहतुकीतली डॅनिश कंपनी. २७ जून २०१७ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस आत शिरला. आपल्याकडे न्हावाशेवाला त्यांच्या गटाचं टर्मिनल आहे, तेही त्यात ठप्प झालं आणि बाहेर कंटेनरच्या गाड्या तटून राहिल्या. कंपनीत कोण कोण आहे, कोणाला कुठे शिरायची परवानगी, हे ठेवणारे त्यांचे जगभर दीडशेच्या आसपास सर्व्हर होते. सगळे एकमेकांशी सतत ताडून घेत असायचे. एक पडला तर बाकीचे आहेत, हा हिशेब. सगळे एकाच वेळी पडले तर काय, हा विचारच नव्हता.

भाची: आणि सगळे पडले.

आत्या: एक सोडून. घानामधल्या ऑफिसात वीज गेली होती, म्हणून तिथला सर्व्हर नेटवर्कबाहेर होता. त्याच्यावरून बाकीचं उभं केलं. कंपनीने पुढे सांगितलं की दहा दिवसांत ४००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. एवढी मोठी कंपनी लोडशेडिंगने वाचली बघ! एक प्रत तोडून, बंद करून ठेवायची, हे तिथे विजेने केलं. आपण ते मुद्दाम करायचं.

भाची: आमचा बॅकअप पेनड्राइव्हवर जातो. तो मशीनलाच लावलेला असतो, कायमचा.

आत्या: म्हणजे व्हायरस आला तर सर्व्हरबरोबर पेनड्राइव्हचाही बाजार उठणार. आणि मशीन कुठे आहे तुमचं?

भाची: मारुती रोडच्या दुकानात, काउंटरमागे, खाली.

आत्या: खाली? २०१९ विसरलीस? आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा तुमच्या दुकानात छातीएवढं होतं ना?

भाची: माल माडीवर नेला होता गं. मशीनही नेलं.

आत्या: हाताशी दोन दिवस होते म्हणून. आग असा वेळ देत नाही. २०२१च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचचं पाच मजली डेटा सेंटर जळालं. काही गिऱ्हाइकांचा डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात. क्लाउड म्हटलं तरी कुठल्यातरी इमारतीतली डिस्कच असते ती. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावात हवी. मिरजही नको, तीच नदी.

भाची: बरं, समजा बॅकअप चांगला आहे, बाहेरगावी आहे, तोडून ठेवलाय. मग झालं ना?

आत्या: परत उभं करायला किती वेळ लागेल, ते राहिलं. ॲटलॅसियनकडे हे सगळं होतं. जिरा नावाचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. एप्रिल २०२२मध्ये त्यांना एक जुनं जोड-ॲप गिऱ्हाइकांच्या साइटवरून काढायचं होतं. एका टीमने दुसरीला यादी दिली, पण यादीत ॲपच्या क्रमांकांऐवजी साइटचेच क्रमांक गेले. ती स्क्रिप्ट दोन्ही घ्यायची आणि जे मिळेल ते कायमचं काढून टाकायची.

भाची: कोणी तपासलं नाही?

आत्या: तपासलं की! दुसऱ्या माणसाने स्क्रिप्ट बघितली, कुठली सेवा कशी बोलावली आहे ते बारकाईने पाहिलं. यादीतले आकडे कशाचे आहेत, ते नाही पाहिलं. अर्ध्या तासाच्या आत पावणेआठशे गिऱ्हाइकांच्या साइट गेल्या. बॅकअप उत्तम. पण सगळ्यांच्या डेटातून नेमकी ही पावणेआठशे वेचून परत बसवायची सवय आणि साधनं त्यांच्याकडे नव्हती. काहींना साइट परत मिळायला १४ दिवस लागले. तुमचं बिलिंग १४ दिवस बंद राहिलं तर?

भाची: दोन दिवसांत मेडिकलवाले दुसऱ्या एजन्सीकडे जातील. बॅच नंबर, एक्स्पायरी सगळं त्यातच. हाताने बिल लिहायला बसलो तरी कुठल्या बॅचचा माल किती शिल्लक, हे कोणाला सांगता येणार?

आत्या: मग हे दोन आकडे दादाबरोबर बसून ठरव. किती तासांचं काम गेलं तर पुन्हा भरता येईल, आणि किती वेळ दुकान मशीनशिवाय चालेल. कोटेशन या दोन आकड्यांवरून काढतात. सॉफ्टवेअरवाल्याने विचारले होते का ते?

भाची: त्याने फक्त डिस्क किती जीबीची हवी ते विचारलं.

आत्या: विचारणारच. बरं, तो चुका दुरुस्त कशा करतो? म्हणजे एखाद्या बिलात गडबड झाली की?

भाची: एनीडेस्कने आत येतो आणि मागून काहीतरी क्वेरी मारतो. दोन मिनिटांत काम.

आत्या: चालू डेटाबेसवर, दुपारी, गिऱ्हाईक समोर असताना?

भाची: हो.

आत्या: तुझा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस आहे ना? तो क्वेरी मारतो त्या पडद्यावर एक सापळा आहे, भलेभले त्यात सापडलेत. समज क्वेरी दोन ओळींची आहे. वरच्या ओळीत अपडेट, भाव अमुक करा. खालच्या ओळीत व्हेअर, म्हणजे फक्त या एका औषधाचा. आता माउसने नुसती वरची ओळ निवडली गेली आणि एफ-५ दाबलं, तर तो प्रोग्रॅम निवडलेला भागच चालवतो. खालची अट पडद्यावर डोळ्यांसमोर असते, पण चालवली जात नाही. सगळ्या औषधांचा भाव एकच.

भाची: आणि मागे घ्यायची सोय?

आत्या: तशीच मारली तर नाही, ती त्याच क्षणी पक्की होते. सुरुवातीला बिगिन ट्रॅन लिहायचं. मग बदल करायचा. खाली किती ओळी बदलल्या तो आकडा येतो, तो बघायचा. एक अपेक्षित असताना आठ हजार दिसल्या तर रोलबॅक, सगळं होतं तसं. एकच दिसली तर कमिट. त्याहून बरं म्हणजे आधी तीच अट लावून नुसतं सिलेक्ट मारायचं आणि कोणत्या ओळी येतात ते डोळ्यांनी बघायचं.

भाची: एवढंसंच?

आत्या: एवढंसंच, पण बिगिन ट्रॅन मारून चहाला जायचं नाही हां! कमिट किंवा रोलबॅक होईपर्यंत त्या ओळी कुलपात राहतात. काउंटरवरची पोरं बिल सेव्ह होत नाही म्हणून बोंबलतात आणि हा टपरीवर. आणखी एक. त्याच पडद्याच्या खालच्या पट्टीला प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळा रंग देता येतो. चालू डेटाबेसला लाल दे. गिटलॅबनेही त्या रात्रीनंतर खऱ्या आणि चाचणीच्या मशीनचे पडदे लगेच ओळखू यावेत म्हणून हेच ठरवलं.

भाची: पण एक्स्प्रेस आहे हे तू न बघता कसं ओळखलंस?

आत्या: फुकट मिळतं म्हणून छोटी बिलिंग सॉफ्टवेअर बहुतेक त्यावरच बसवतात. वाईट नाही ते. पण ठरलेल्या वेळी काम करणारा एजंट मोठ्या आवृत्तीत असतो, एक्स्प्रेसमध्ये नाही. म्हणून हे लोक विंडोजच्या टास्क शेड्युलरला एक बॅच फाइल लावून देतात. त्या कामाला कोणाचंतरी लॉगिन आणि पासवर्ड दिलेला असतो. मशीनचा पासवर्ड बदललात कधी?

भाची: मागच्या वर्षी. जुना मुलगा सोडून गेला तेव्हा.

आत्या: बदललात ते चांगलंच केलंत. पण टास्कमध्ये जुनाच पासवर्ड राहिला असेल तर त्या रात्रीपासून तुमचा बॅकअप बंद. कोणाला काही दिसणार नाही. पेनड्राइव्हवर फाइल दिसते म्हणून सगळे खूष, तिची तारीख कोण बघतो?

भाची: आत्या, मला आता धाप लागली.

आत्या: थांब, दुसरीही शक्यता ऐक. काही जण डेटाबेसची मूळ फाइलच कॉपी करायला लावतात. एसक्यूएल सर्व्हर चालू असताना ती फाइल त्याच्या ताब्यात असते, विंडोज तिला हात लावू देत नाही. कॉपी फसते, बॅच फाइल मुकाट पुढची ओळ चालवते आणि शेवटी पडद्यावर लिहिते, बॅकअप पूर्ण. ते वाक्य त्या पोराने स्वतः टाइप केलेलं असतं, मशीनने शहानिशा करून सांगितलेलं नसतं. डेटाबेसला स्वतःची बॅकअपची आज्ञा आहे, तीच वापरायची. आणि तुमच्या डेटाबेसचा आकार बघून घे. एक्स्प्रेसच्या २०२२पर्यंतच्या आवृत्त्यांना १० जीबीची मर्यादा आहे. भरली की नवीन बिल घेतच नाही, आणि ते नेमकं मार्चएंडला कळतं.

भाची: तो एनीडेस्क, तोही बंद करू?

आत्या: काम असेल तेव्हा चालू, नसेल तेव्हा बंद. ‘एसए’ या लॉगिनचा पासवर्ड सगळ्या दुकानांत एकच ठेवतात हे लोक, तो बदलायला सांग. राउटरमधून रिमोट डेस्कटॉप बाहेर उघडं ठेवलं असेल तर आजच बंद. खंडणीवाले त्याच दारातून येतात.

भाची: आणि कायद्याने काही आहे का? बाबांना कायद्याचं सांगितलं की पटतं.

आत्या: आहे की. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावे लागतात. आणि जीएसटीच्या नियम ५७मध्ये कॉम्प्युटरवरच्या नोंदींचा बॅकअप मागितलाय. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी गेल्या तर वाजवी वेळेत परत मिळाल्या पाहिजेत, असं त्यात आहे. नुसता बॅकअप घ्या म्हणून सोडलेलं नाही, परत मिळण्याचंही लिहिलंय. सांगलीत नैसर्गिक कारण कुठलं, ते दादाला वेगळं सांगायला नको. उद्या तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड केलीत तर भारतातल्या सर्व्हरवर रोजचा बॅकअप ठेवणं बंधनकारक. ते तुमचे सीए सांगतीलच.

भाची: मग कोटेशनचं काय करू?

आत्या: सर्व्हर घे, पण त्याला तीन गोष्टी लिहून द्यायला सांग. रोजचा बॅकअप डेटाबेसच्या स्वतःच्या आज्ञेने होईल. एक प्रत बाहेरगावी जाईल. आणि दर तीन महिन्यांनी तो दुसऱ्या मशीनवर रीस्टोअर करून दाखवेल. तिसरीला कां-कू करेल, त्यात त्याचा वेळ जातो. त्याचे वेगळे पैसे दे, पण ती सोडू नको. आणि तुमच्याकडून हे बघायचं काम एकाच माणसाच्या नावावर कर. तुझ्या. ‘सगळे बघतील’ असं नको. रोज सकाळी दुकान उघडलं की बॅकअपच्या फाइलची तारीख आणि आकार वहीत लिही. आकार कालच्यापेक्षा एकदम कमी दिसला तर आधी त्याला फोन, मग काउंटर.

भाची: नव्या सर्व्हरला महिना लागेल म्हणतोय. तोवर?

आत्या: या रविवारी बस. बाबांचा जुना कॉम्प्युटर माडीवर पडलाय ना, त्यावर एसक्यूएल एक्स्प्रेस टाक. आवृत्ती दुकानातलीच किंवा तिच्याहून नवी, जुनीवर बॅकअप उतरत नाही. पेनड्राइव्हवरची सगळ्यात ताजी फाइल त्यावर रीस्टोअर कर. चालू मशीनवर चुकूनही नको, नाहीतर जुना डेटा नव्यावर बसेल. सुरू करताना घड्याळ बघून लिहून ठेव.

भाची: आणि झालं की नाही, हे कशावरून कळणार?

आत्या: शनिवारी दुकान बंद करताना शेवटच्या बिलाचा नंबर आणि कुठल्याही तीन औषधांचा बॅचवार साठा कागदावर लिही. रात्री दहाचा बॅकअप होऊ दे. रविवारी रीस्टोअर झालं की ते चारही आकडे जुळव.

भाची: शेवटचं बिल मागच्या वर्षीचं निघालं तर?

आत्या: तर दुकान उघडायच्या आत मला फोन कर. मी सांगते ती बॅकअपची आज्ञा त्याच रात्री हाताने मारू, आणि तो पेनड्राइव्ह मशीनमधून काढून तू घरी घेऊन जा.